अमेरिकन पेशंट २८ सप्टेंबर २०२५ ला भरती, ३ ऑक्टोबरला डिस्चार्ज. आयसीडी-१०-सीएमचा (अमेरिकेत निदानासाठी वापरतात ती आजारांच्या कोडची यादी) कोड जुना की नवा?

हॉस्पिटलच्या बिलावर नवा कोड लागेल, कारण भरती पेशंटसाठी डिस्चार्जची तारीख धरतात आणि दरवर्षीचा नवा संच १ ऑक्टोबरला लागू होतो. डॉक्टरांच्या फीचं बिल मात्र सेवेच्या तारखेवर चालतं. म्हणजे याच पेशंटच्या २९ सप्टेंबरच्या व्हिजिटला जुनाच कोड. गोंधळ नेमका इथेच होतो.

त्या ऑक्टोबरचा न्यूरॉलॉजीतला मोठा बदल म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार). त्याचा जुना कोड, नुसता जी३५, आता चालत नाही, पुढे प्रकार लागतो:
- जी३५.ए: रिलॅप्सिंग-रेमिटिंग (त्रास उसळतो, मग ओसरतो)
- जी३५.बी, जी३५.सी: अनुक्रमे प्रायमरी आणि सेकंडरी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सुरुवातीपासून किंवा नंतर वाढत जाणारा (यांना पुढे आणखी एक आकडा)
- जी३५.डी: प्रकार नमूद नाही

प्रकार डॉक्टरांच्या नोंदीतूनच घ्यायचा, औषधांवरून अंदाज बांधायचा नाही. विम्याचा क्लेम अडला की सरसकट ‘डी’ टाकणं हा आळस आहे, आधी डॉक्टरांना क्वेरी (खुलासा मागणारा प्रश्न) पाठवा.

एक लक्षात ठेवा, वर्षातून एकदाच यादी बघून भागत नाही: १ एप्रिललाही छोटी भर पडू शकते. जुन्या कोडसाठी सवलतीचे दिवस मात्र कधीच नसतात.