बिबट्या जेरबंदच होतो, ‘जेलबंद’ होत नाही

नाशिकरोडच्या एका वाचकांनी आजोबांची कात्रणांची वही चाळून सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी ‘जुन्या मथळ्यांची गंमत’ असा लेख लिहायला घेतला आहे. वहीत ‘अखेर बिबट्या जेरबंद’ हा मथळा वारंवार येत असल्यामुळे ‘जेरबंद’ ही ‘जेलबंद’ची छपाईतील चूक असावी काय, आणि ती दुरुस्त करून छापावी काय, असे त्यांनी विचारले आहे. ‘गजाआड’ आणि ‘पोबारा’ यांचा उलगडाही त्यांना हवा आहे. सोबत त्यांच्या सोसायटीतील एका निवृत्त शिक्षकांचे मत जोडले आहे, ते असे की ‘जेर’ हा ‘जर्जर’चा अपभ्रंश असून शब्द मुळात संस्कृतच आहे.

दुरुस्ती कृपा करून करू नये. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने अक्षर न अक्षर बरोबर बसवले होते. चूक आज होते आहे, आणि ती भाषणांतून, बातम्यांतून, आता शुभेच्छाफलकांवरूनही रोज कानीकपाळी आदळते आहे. ‘जेलबंद’ म्हणणाऱ्यांना ‘जेर’ ठाऊक नाही आणि जेल ठाऊक आहे, एवढाच त्याचा अर्थ. बिबट्याला कोणत्या कलमाखाली जेलमध्ये घालणार, हा प्रश्नही त्यांना पडत नाही.

‘जेरबंद’ हा फारसी शब्द असून ते घोड्याच्या साजातील एका पट्ट्याचे नाव आहे. ‘ज़ेर’ म्हणजे खाली आणि ‘बंद’ म्हणजे बांधण्याची दोरी किंवा पट्टा. घोड्याने मान वर झटकून स्वाराच्या तोंडावर डोके आपटू नये, म्हणून तोंडावरच्या साजापासून निघून, छातीखालून, पुढच्या दोन पायांच्या मधून पोटावरच्या तंगापर्यंत, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पट्ट्यापर्यंत, जो चामडी पट्टा नेतात, तो जेरबंद. वरातीचा घोडा मंगल कार्यालयाच्या दारात अडून उभा राहिला, की बँडकडे न पाहता त्याच्या छातीकडे पाहावे. पट्टा असलाच तर मान वर जाताच तो ताणलेला दिसतो आणि घोड्याचा उर्मटपणा जागच्या जागी विरतो. ‘बंद’ म्हणजे कुलूपबंद, असा समज मात्र आधी सोडावा लागेल. बाजूबंद म्हणजे बाजूला बंद करून ठेवलेला दागिना नव्हे, तर ‘बाज़ू’वर, म्हणजे दंडावर, बांधायचा दागिना, आणि नालबंद हा नाल बांधणारा कारागीर.

आता ‘जेर’ची जोडी पाहावी, कारण खरी गोडी तेथेच आहे. ‘ज़ेर’च्या उलट ‘ज़बर’, म्हणजे वर. उर्दू शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात हे दोघे भेटतात: अक्षराखाली दिलेली रेघ ‘ज़ेर’ आणि ती ‘इ’काराची, अक्षरावर दिलेली रेघ ‘ज़बर’ आणि ती ‘अ’काराची. ज्याचा हात वर तो ‘जबरदस्त’, ज्याचा हात खाली तो ‘जेरदस्त’. आपण पहिला ठेवून घेतला, दुसरा टाकून दिला, पण शत्रूला ‘जेरीस आणणे’ मात्र सोडले नाही. मथळ्यांतील ‘जबरी चोरी’ याच घरातील, असे काही जाणकार ठामपणे सांगतात; ते मला मुळीच पटत नाही. ती ‘जबरी’ अरबी ‘जब्र’ची, म्हणजे सक्तीची, आणि त्याच ‘जब्र’च्या दुसऱ्या अर्थाने, मोडलेले सांधण्याच्या अर्थाने, बीजगणिताला ‘अल्जेब्रा’ हे नाव मिळाले. मराठीने ‘ज़’ आणि ‘ज’ एकाच अक्षराने लिहिले, म्हणून दोन परक्या घराण्यांतील मुले आपल्याकडे सख्खी भावंडे म्हणून वावरतात.

राहता राहिले शिक्षकांचे ‘जर्जर’. सर्पाचा साप होतो, कर्णाचा कान होतो, त्या न्यायाने जर्जराचा ‘जाजर’ व्हायला हवा. मधला ‘ए’ कोठून आला, हे गुरुजींनी सांगावे. प्रत्येक फारसी शब्दाला संस्कृतचे उपरणे पांघरल्याने भाषेचा मान वाढत नाही. आपल्या भगूरच्या सावरकरांनी निदान परका शब्द परका म्हणून ओळखला आणि त्याच्या जागी दिनांक, महापौर असे नवे शब्द घडवून दिले. वृत्तपत्रांनी ते आनंदाने उचलले आणि त्याच पानावर बिबट्याला जेरबंदही केले.

बिबट्याच्या छातीखालून पट्टा कोणी नेला, असा आक्षेप येईल. कोणीही नेला नाही. निफाडच्या उसात किंवा दारणाकाठच्या मळ्यात वन विभाग पिंजरा लावतो, आत शेळी किंवा कोंबडी ठेवतो, बिबट्या आत शिरला की दार पडते, आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात ग्रामस्थ सुटकेचा निःश्वास सोडतात. (हा निःश्वास फक्त ग्रामस्थच सोडतात, शहरी माणसाने तो सोडल्याचे मी कोणत्याही अंकात वाचलेले नाही.) पट्ट्याचा अर्थ आवर घालण्याकडे, तेथून पकडण्याकडे सरकला आणि ‘जेर करणे’ने त्याला हात दिला, एवढे सरळ आहे.

मात्र हा शब्द मथळ्यातच का टिकला, याबद्दल माझा एक सिद्धांत आहे आणि तो मी सोडणार नाही. मराठी मथळा पागेत जन्मला आहे. भाववाढीला लगाम लागतो, समित्यांत खोगीरभरती होते, विजयाचा वारू चौखूर उधळतो आणि मग कोणीतरी तो रोखतो. संपादकाला दोन-तीन शब्दांत धावपळ आणि धाक दोन्ही हवे होते, आणि घोडदळाची भाषा त्यासाठी खोगीर चढवून तयार उभी होती. १९६२ साली यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’; पुढे १९६३ मध्ये ते आपल्या नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. तो सह्याद्री पायी धावला असे मला कधीच वाटलेले नाही. त्यानंतर मात्र कोणीही आमदार दिल्लीला एखाद्या बैठकीस गेला तरी सह्याद्रीलाच धावावे लागते.

पागेतील सर्वांत हाल झालेला शब्द ‘शिलेदार’. निवडणूक आली की ‘पक्षाचे शिलेदार रिंगणात’ हा मथळा ठरलेला. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येणारा स्वार. ज्याला सरकारी घोडा मिळे तो बारगीर. पक्षाचे तिकीट, पक्षाचे चिन्ह आणि पक्षाचा खर्च घेऊन जो उभा राहतो, तो शिलेदार कसा? ‘पक्षाचे बारगीर रिंगणात’ असे एकदा छापून पाहावे. खरा शिलेदार अपक्षच, आणि त्याचे अनामत गेल्याची बातमी आतल्या पानावर येते.

उरलेले दोन शब्द. ‘पोबारा’ सोंगट्यांच्या डावातला: तीन फाशांवर दोन सहा आणि एक पौ, म्हणजे एक, पडले की पौबारा, म्हणजे मोठे दान. हिंदीत ‘पौ बारह’ झालेल्याचे नशीब फळफळते. मराठीत चोरटा तेच दान घेऊन पसार होतो आणि मोठे दान पडलेली सोंगटी घरे ओलांडत सुटते तसा सुटतो, असा मी अर्थ लावतो. ‘गजाआड’मधील गज म्हणजे खिडकीची लोखंडी सळई. तेथे हत्ती शोधू नये, आणि गुरुजींना तर या शब्दाबद्दल विचारूच नये.