तुमचे प्रश्न: बायकांची शिडाच्या बोटींची रेस उभी कशी करायची?

प्रश्न: ताई नमस्कार, मी जुळे सोलापूरला राहते. आमच्या पोहायच्या ग्रुपमधल्या काही जणी शिडाची बोट चालवायला शिकलोय, क्लबकडे एंटरप्राइज नावाच्या प्रकारातल्या ४ बोटी आहेत. शेजारच्या जिल्ह्यांत अजून दोन क्लब आहेत, तिथंही थोड्या बायका आहेत. मागं तिन्ही क्लबनी मिळून महिला रेस ठेवली, पण एका क्लबच्या लहानपणापासून सेलिंग करणाऱ्या मुली पहिले सगळे नंबर घेऊन गेल्या आणि बाकीच्या इतक्या मागं पडल्या की आता नाव द्यायला कोणी तयार नाही. कमिटी म्हणते बायका येतच नाहीत तर रेस कशाला ठेवायची. काय करू?

उत्तर: बायका आल्या होत्या की ओ, परत आल्या नाहीत, आणि का आल्या नाहीत ते तुम्हीच लिहिलंय. साध्या रेसमध्ये पहिल्याला १ पॉइंट, दुसऱ्याला २ असं असतं आणि ज्याचे कमी तो जिंकला, म्हणजे जी पुढं गेली ती गेलीच, मागं राहिलेलीकडे कुणाचं लक्षही नसतं, ती एकटीच उन्हात कडेला येते आणि तोपर्यंत पुढच्यांचा चहा पिऊन झालेला असतो. नव्या बाईला या पद्धतीनं टिकवणं फार अवघड आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्याकडे ४ बोटी आहेत ना, मग टीम रेसिंग करा. दोन बोटी एका टीमच्या, दोन दुसऱ्या टीमच्या, आणि नियम असा की ज्या टीमची बोट शेवटची येईल ती टीम हरली. बस एवढंच. आता बघा काय होतं, पहिल्या नंबरावर असलेल्या मुलीला पुढं पळून काही उपयोगच नाही, तिला मागं वळून आपल्या टीमची दुसरी बोट कुठं आहे ते बघावंच लागतं, ती मुद्दाम हळू होते, विरोधी बोटीच्या वाऱ्याच्या बाजूला जाऊन तिचा वारा अडवते आणि आपल्या नव्या मैत्रिणीला पुढं काढते. सगळ्यात कच्ची बाई सगळ्यात महत्त्वाची होते. सहा बोटी जमल्या तर तीन विरुद्ध तीन करा, तिथं प्रत्येक टीमच्या तिन्ही बोटींच्या नंबरांची बेरीज धरतात आणि जिची कमी ती टीम जिंकते, सहा नंबरांची मिळून बेरीज २१, त्यामुळे १० किंवा कमी आले की जिंकलात. बोटींवर असे हिशेब करायला बायकांना जाम मजा येते.

एंटरप्राइज दोघींची बोट आहे, म्हणजे एका वेळी ८ जणी पाण्यात. रेस छोटी ठेवा, पंधरा मिनिटांची, आणि लगेच बोटी बदला. बोटी यजमान क्लबच्याच वापरायच्या, म्हणजे ट्रेलर आणि टेम्पोचा खर्च वाचतो आणि माझी बोट जुनी होती म्हणून हरले हा वादही राहत नाही.

टीम क्लबवार पाडू नका, निदान पहिलं वर्ष तरी. तिन्ही क्लबच्या चिठ्ठ्या काढा आणि प्रत्येक बोटीत एक मुरलेली, एक नवी अशी जोडी लावा. त्या जिंकणाऱ्या मुलींवर राग धरू नका हं, त्याच तुमच्या सगळ्यात चांगल्या शिक्षिका होणार आहेत, फक्त त्यांना नवीच्या शेजारी बसवायचंय.

आता मला सगळ्यात जास्त तळमळ आहे ती गोष्ट. एरवी रविवारी नवऱ्याबरोबर नाहीतर क्लबच्या एखाद्या सिनियर सरांबरोबर बोटीत बसलं की सुकाणू त्यांच्याकडे आणि पुढच्या शिडाची दोरी बाईकडे, वर्षानुवर्षं हेच चालतं, आणि मग रेसच्या दिवशी म्हणायचं की बायकांना सुकाणू जमत नाही. कसं जमेल, हातातच दिलं नाही कधी! म्हणून नियमच करा की प्रत्येक रेसनंतर दोघींनी जागा बदलायची, सुकाणूवर आज कोण किती वेळ होतं ते वहीत लिहायचं, आणि महिन्यातून निदान एक दिवस बोटी फक्त बायकांना मिळायच्या.

आणि रेस चालवायलाही बायकाच बसवा. स्टार्टचे झेंडे ५ मिनिटं आधी, ४ मिनिटं आधी, १ मिनिट आधी आणि स्टार्टला असे असतात, घड्याळ आणि शिट्टी सांभाळायला एका दिवसात शिकता येतं. रेस्क्यू बोटीचं इंजिन शिकायला थोडा वेळ लागतो पण शिकाच. ज्या क्लबमध्ये रेस लावणं एकाच सरांना येतं तिथं ते गावाला गेले की सगळं बंद पडतं.

कमिटीला मात्र भांडून पटणार नाही, त्यांना वर्षभराच्या तारखा आणि नावांची यादी द्या. आणि महिलांसाठी टॉयलेट आणि कपडे बदलायची खोली आधी मागा, ट्रॉफी नंतर. ओल्या कपड्यांत बसनं घरी जावं लागलं तर कोण परत येईल सांगा.

प्रश्न: माझं वय ४४, कुर्डुवाडीची आहे. मैत्रीण सेलिंगला चल म्हणते पण उजनी धरणात बोट उलटल्याची बातमी डोक्यातून जात नाही. पोहता येतं पण थोडंच. जाऊ का?

उत्तर: भीती अगदी रास्त आहे. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ माणसं गेली, आपल्या भागातला कोणीच ते विसरलेला नाही. म्हणूनच सांगते, जिथं लाईफ जॅकेट घातल्याशिवाय कडेवरून पाण्यात पाऊल टाकू देत नाहीत आणि रेस्क्यू बोट चालू असते तिथंच जा, यात कुणाची भीड धरू नका. शिडाची छोटी बोट उलटणारच, ते शिकण्यातच धरलेलं असतं, पहिल्याच दिवशी मुद्दाम उलटवून दाखवतात. बोट तरंगत राहते, तिला सोडून पोहत कडेला निघायचं नाही, तिच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर वजन टाकून तिला सरळ करायची आणि आत चढायचं. उथळ, शांत पाण्यात हे चार वेळा केलं की भीती बरीच उतरते. साडी किंवा ओढणी नको, लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला, पायात पट्ट्याच्या सँडल. वय अजिबात आड येत नाही, या.

प्रश्न: माझी मुलगी १२ वर्षांची आहे. समुद्र नसलेल्या गावात राहून हे शिकून पुढं काही होतं का, का नुसती हौस?

उत्तर: नेहा ठाकूरचं नाव तिला सांगा. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली शेतकऱ्याची मुलगी, भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये आयएलसीए ४ या एकटीनं चालवायच्या बोटीच्या प्रकारात सिल्व्हर आणलं. त्याआधी २०१८ ला भोपाळलाच शिकलेल्या हर्षिता तोमरनं ब्राँझ आणलं होतं. भोपाळला कुठं आलाय समुद्र! उलट तलावावरचा वारा सारखा दिशा बदलतो, त्यामुळे नजर लवकर तयार होते. मुलीला आत्ता ऑप्टिमिस्टमध्ये बसवा, ती छोटी एकटीची बोट असते, १५ वर्षांपर्यंत त्यात रेस करता येते, मग आयएलसीए ४, आणि पुढं त्याच बोटीचा मोठ्या शिडाचा प्रकार आयएलसीए ६, ज्यात चेन्नईची नेत्रा कुमनन टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिक खेळली. बोट विकत घ्यायची घाई मात्र करू नका, क्लबच्या बोटीवर दोन सीझन जाऊ द्या.

प्रश्न: आम्हाला तीन क्लबची रेस उजनीवर ठेवायची आहे. कुठला महिना धरावा?

उत्तर: पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असताना, म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारी. त्यातही ऑक्टोबरमध्ये दुपारी ढग जमायला लागले की रेस थांबवून सगळ्या बोटी कडेला घ्या. पावसाळ्यात वारा छान असतो पण नव्या बायकांना झेपणार नाही, आणि उन्हाळ्यात पाणी उतरतं, पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं तिथं जुन्या गावांच्या भिंती आणि झाडांची खोडं किती वर आली असतील विचार करा, शिवाय वळवाचं वादळ दुपारनंतर कधी येईल सांगता येत नाही. हिवाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो त्यामुळे पहाटे पाचला बायकांना घरातून बाहेर काढू नका, अकराला सुरू करा, घरचं सगळं आवरून निवांत येता येतं. भिगवण, कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी उतरलेले असतात, तिकडे रेसचा मार्ग लावायचा नाही. जाळी कुठं टाकलीत ते मच्छीमारांना आदल्या दिवशी विचारा, सुकाणूत जाळं अडकलं तर त्यांचंही नुकसान आणि तुमचंही. जलसंपदा विभागाची लेखी परवानगी आधी काढा. कार्तिकी एकादशी आणि संक्रांतीची सोलापूरची गड्ड्याची यात्रा या तारखा सोडा, तेव्हा घरी पाहुणे असतात, कोणी येणार नाही. गड्डा झाल्यावरचा रविवार धरा, हुरड्याचे दिवस असतात, पाहुण्या क्लबच्या बायका तर त्याच्यासाठीसुद्धा येतील.