‘तोच’ जीवाणू म्हणजे नेमका कोणता?

प्रश्न : आमच्या नात्यातील एक रुग्ण अतिदक्षता विभागात असताना कल्चर तपासणीत (नमुन्यातील जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या चाचणीत) औषधांना न जुमानणारा क्लेब्सिएला जीवाणू आढळला. शेजारच्या खाटेवरील रुग्णालाही तोच झाला होता. कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे कल्चरमधून कळत असेल, तर जीवाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण जनुकीय मजकूर, वाचून आणखी काय साधते?

उत्तर : आपण ‘तोच’ म्हणता, पण तो तोच आहे का, हे कल्चरवरून ठरत नाही. दोन रुग्णांचे जीवाणू तपासणीत सारखे दिसले, तरी ते एकाकडून दुसऱ्याकडे गेले की दोघांकडे वेगवेगळ्या वाटांनी आले, हे त्यातून उमगत नाही. क्लेब्सिएलाच्या जीनोममध्ये डीएनएची 50 लाखांहून अधिक अक्षरे असतात. पेशी दुभंगताना त्यांतील एखादे क्वचित बदलते आणि तो बदल पुढील पिढ्यांत उतरतो. म्हणूनच दोन नमुन्यांत मोजक्याच अक्षरांचा फरक असेल तर त्यांचा पूर्वज अलीकडचा असतो, हजारोंचा असेल तर रुग्णालयातील ताज्या फैलावाशी त्यांचा संबंध जोडता येत नाही.

अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात 2011 मध्ये कार्बापेनेम या राखीव, प्रभावी प्रतिजैविकांच्या गटालाही दाद न देणारा क्लेब्सिएला 18 रुग्णांत पसरला. त्यांपैकी 11 जण दगावले आणि त्यांतील 6 मृत्यू या संसर्गामुळे झाले. पहिली रुग्ण घरी गेल्यानंतर तीन आठवड्यांनी दुसरा रुग्ण आढळल्याने दोघांचा संबंध नसावा असे वाटत होते, परंतु जीनोमच्या तुलनेतून साखळीचा उगम त्या पहिल्या रुग्णाकडेच असल्याचे दिसले. मधल्या काळात जीवाणू लक्षणे नसलेल्या रुग्णांच्या शरीरात दडून राहिला असावा. पुढे तो सिंकच्या निचरा-नळ्यांत आणि स्वच्छ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरही सापडला. आजारी दिसणाऱ्यांपुरतीच तपासणी ठेवणे किती धोक्याचे आहे, हे मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

अर्थात, जीनोम एकटा पुरत नाही. कोण कोणत्या खाटेवर कधी होते, या नोंदी हाताशी नसतील तर साखळीची दिशा चुकू शकते. शिवाय प्रतिकाराची जनुके प्लाझ्मिडवरून (जीवाणूतील डीएनएच्या छोट्या, सुट्या वलयावरून) एका प्रजातीतून दुसरीत जातात, तेव्हा जीवाणू निराळे असूनही धोका एकच असतो. हात धुणे आणि रुग्णाला वेगळे ठेवणे यांसाठी अहवालाची वाट मुळीच पाहू नये.

दोन्ही रुग्णांचे जीवाणू प्रयोगशाळेने गोठवून जपले असतील, तर त्यांचे जीनोम आजही वाचता येतील. संसर्ग नियंत्रण समितीकडे तशी चौकशी अवश्य करावी.