मायलेजच्या बचतीतून हप्ता फिटेल का?

नमस्कार,

तुमच्या पत्रातला हिशेब आधी इथे मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. बारा वर्षे वापरलेली तुमची डिझेल फोर बाय फोर लीटरला ९ किलोमीटर देते. नव्या मॉडेलच्या माहितीपत्रकात १४ चा आकडा आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणे होते आणि घराकडचा शेवटचा टप्पा कच्चा असल्यामुळे फोर व्हील ड्राइव्ह लागतेच. मेकॅनिकने इंजेक्टर आणि क्लचचे काम सांगितले आहे. त्याचा खर्च नव्या गाडीच्या साधारण पाच हप्त्यांएवढा आहे. त्यापेक्षा आपत्कालीन निधीतली निम्मी रक्कम डाउन पेमेंटला वापरावी, बाकीचे पाच वर्षांचे कर्ज घ्यावे आणि डिझेलच्या बचतीतून हप्त्याचा मोठा भाग सुटेल, असे तुम्हाला वाटते.

माझे मत सरळ सांगतो: आत्ता ही गाडी घेऊ नका. का, ते लीटरमध्ये मोजून दाखवतो. डिझेलचा भाव जागेप्रमाणे आणि महिन्यागणिक बदलतो, म्हणून असे निर्णय मी पैशांऐवजी लीटरमध्ये मांडतो. तुम्ही कळवलेला हप्ता तुमच्याकडच्या आजच्या भावाने महिन्याला २०० लीटर डिझेलच्या किमतीएवढा होतो. हा २०० चा आकडा लक्षात ठेवा.

जुन्या गाडीला वर्षाला सुमारे १,३३३ लीटर लागतात. नवीने खरोखर १४ दिले तर ८५७ लागतील. म्हणजे वर्षाला ४७६ आणि महिन्याला जेमतेम ४० लीटरची बचत. माहितीपत्रकातला आकडा शंभर टक्के खरा धरला, तरी हप्त्याचा पाचवा हिस्साच सुटतो.

आणि तो आकडा तसा धरता येत नाही. तुमचे ९ हे तुमच्या रस्त्यावरचे, तुमच्या सामानासह आलेले मायलेज आहे. ते १४ प्रयोगशाळेतल्या रोलरवर मोजलेले आहे. दोन वेगळ्या फुटपट्ट्यांनी घेतलेली मापे तुम्ही एकमेकांतून वजा केली आहेत. युरोपात २०१७ पासून जुन्या चाचणीऐवजी डब्ल्यूएलटीपी ही अधिक कडक चाचणी आली, तरीही तफावत उरलीच. युरोपीय आयोगाने गाड्यांमधल्याच उपकरणांनी नोंदवलेली माहिती तपासून २०२४ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यात पेट्रोल-डिझेल गाड्यांचा प्रत्यक्ष इंधनवापर चाचणीतल्यापेक्षा सरासरी सुमारे २० टक्क्यांनी जास्त निघाला. पेट्रोलच्या मानाने डिझेलची तफावत थोडी कमी होती. पण ही सगळ्या प्रकारच्या गाड्यांची सरासरी आहे.

फोर बाय फोरच्या बाबतीत मी आणखी सावध राहतो. गाडी उंच आणि चौकोनी असली की वेगाबरोबर हवेचा अडथळा झपाट्याने वाढतो. ९० वरून ११० च्या वेगाला गेलात तर तो जवळजवळ दीडपट होतो. चाचणीत टपावर कॅरियर नसतो, एसी बंद असतो आणि टायर कंपनीने दिलेलेच असतात. तुम्ही मात्र चिखलासाठी जाड नक्षीचे टायर बसवणार, टपावर कॅरियर लावणार आणि आत माणसे व सामान भरणार. शिवाय टू व्हील मोडमध्ये चालवतानाही ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी), पुढचे डिफरन्शियल (वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) आणि शाफ्ट यांचे वजन गाडीला वाहावेच लागते. पुढची चाके सुटी करणारे हब नसतील तर यातले बरेच भाग विनाकारण फिरतही राहतात. कच्च्या रस्त्यावर लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेग आणि जास्त ओढ देणाऱ्या गिअरमध्ये, गाडी चालली की लीटरमागचे किलोमीटर एवढे घसरतात की टाकीची सरासरीच खाली येते. उभ्या गाडीत एसी लावून इंजिन चालू ठेवले तर किलोमीटर शून्य, पण तासाला अर्धा ते एक लीटर सहज जातो.

हे सगळे धरून तुमच्यासाठी मी ११ चा आकडा घेतो. मग वर्षाला १,०९१ लीटर लागतील. बचत २४२ लीटरची, म्हणजे महिन्याला २०. हप्ता आहे २०० चा. पाच वर्षांत तुम्ही १२,००० लीटरच्या किमतीएवढे पैसे भराल आणि त्यातले १,२०० लीटर वाचवाल. डाउन पेमेंट तर मी यात धरलेलेच नाही. डिझेल दुप्पट महाग झाले तरी आजच्या भावाने ती बचत महिन्याला ४० लीटरचीच. फिरणे वर्षाला ४०,००० किलोमीटर असते तरी महिन्याला ६७ लीटर सुटले असते, म्हणजे हप्त्याचा तिसरा हिस्सा.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. 'लीटरला किती किलोमीटर' हे माप बचतीच्या बाबतीत चकवते. ६ वरून ८ वर गेलात तर शंभर किलोमीटरमागे ४ लीटरहून जास्त डिझेल वाचते. १४ वरून १६ वर गेलात तर एक लीटरही वाचत नाही. फरक दोन्हीकडे दोनचाच. म्हणून गाड्यांची तुलना करताना नेहमी शंभर किलोमीटरला किती लीटर लागतात तेच काढा. तुमचे ९ वरून ११ म्हणजे शंभर किलोमीटरमागे दोन लीटर.

माझ्या ११ वर विश्वास ठेवा असा आग्रह नाही. तेच मॉडेल वापरणारे दोन-तीन मालक शोधा आणि त्यांना सहा महिन्यांतले एकूण लीटर आणि एकूण किलोमीटर विचारा. 'हायवेला किती देते?' असे विचारलेत तर त्यांच्या आठवणीतला सर्वांत चांगला आकडा मिळेल. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका, तो अनेकदा थोडा वाढीव असतो. स्वतःच्या गाडीचेही मायलेज पुन्हा मोजा: टाकी फुल करा, पंपाचे नोझल पहिल्यांदा बंद पडेल तिथे थांबा आणि अशा चार-पाच टाक्यांची सरासरी काढा. तुम्ही मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी किलोमीटर दाखवत असेल. मग तुमचे ९ खरे तर थोडे जास्त असू शकतात.

जुन्या गाडीतूनही काही लीटर निघतील. गरज नसेल तेव्हा कॅरियर उतरवा, टायरमधली हवा दर पंधरवड्याला तपासा, चाकांचे अलाइनमेंट करून घ्या, मोठ्या रस्त्यावर वेग ९० च्या आसपास ठेवा. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील मोड लावू नका. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे मधले डिफरन्शियल तुमच्या गाडीत नसेल तर वळणावर त्या चाकांची ओढाताण होते. डिझेल तर जातेच, टायर आणि ट्रान्समिशनही झिजते. इंजेक्टर गळत असतील तर दुरुस्तीनंतर मायलेज सुधारेलही, पण ती सुधारणा हिशेबात धरू नका.

आणखी एक मुद्दा नव्या गाडीच्या देखभालीचा. आजच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जाळायला इंजिन बराच वेळ सलग गरम चालावे लागते आणि त्यासाठी जास्तीचे डिझेलही खर्ची पडते. तुमचे रोजचे फिरणे छोट्या फेऱ्यांचे असेल तर तो फिल्टर तुंबण्याचा त्रास होऊ शकतो. काही गाड्यांत वर धूर स्वच्छ करणारे युरियाचे द्रावणही भरावे लागते.

पण मला खरी काळजी वाटते ती आपत्कालीन निधीची. पत्रात तुम्ही लिहिले आहे की घरात कमावणारे तुम्ही एकटेच आणि आईवडील तुमच्यावर अवलंबून आहेत. अशा घरातला तो निधी अर्धा करायचा आणि त्याच महिन्यापासून पाच वर्षांचा हप्ता सुरू करायचा, याला मी होकार देऊच शकत नाही. पगार दोन महिने थांबला तर गाडी लगेच विकून पैसे उभे करता येत नाहीत. विकली तरी पहिल्या वर्षांतला घसारा इतका असतो की कर्जाची काही रक्कम अंगावर राहू शकते.

तेव्हा इंजेक्टर आणि क्लचचे काम करून घ्या. पाच हप्त्यांचा तो खर्च साठ हप्त्यांपुढे फार नाही. तो चालू मिळकतीतून दोन-तीन महिन्यांत भागवा. त्यानंतर दरमहा अर्ध्या हप्त्याएवढी रक्कम वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. दोन वर्षांत बारा हप्त्यांएवढे पैसे साठतील, तेच पुढच्या गाडीचे डाउन पेमेंट.

सुरक्षितता हे मात्र गाडी बदलण्याचे रास्त कारण आहे, मायलेज काहीही असो. म्हणून कामाला पैसे देण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून मेकॅनिककडून चेसिस तपासून घ्या. लॅडर फ्रेमला, म्हणजे गाडीच्या तळाच्या शिडीसारख्या लोखंडी सांगाड्याला, गंजाने भोके पडली असतील किंवा स्टिअरिंग आणि सस्पेन्शन जिथे बसतात तिथले लोखंड कुजले असेल, तर इंजेक्टरवर खर्च करू नका. तसे निघाले तर मला लगेच कळवा. मग कमी वापरलेली, तीन-चार वर्षे जुनी फोर बाय फोर आपत्कालीन निधीला हात न लावता कशी बसवता येईल, ते तुमच्या आकड्यांवरून पाहू.