आईला येतंय तेच विणायला देऊ नका

तुम्ही विचारलंय, बाबा गेल्यापासून आई गप्प असते, तर कॉलनीत विणकामाचं मंडळ काढून तिला काही फरक पडेल का. पडतो. इंदूरला रामबागेत आमची अशी बैठक बरीच वर्षं चालू आहे, त्यावरून सांगते. मात्र जेवण-झोप उडाली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आईला स्वेटर येतो म्हणून स्वेटरच दिलात, तर वेळ छान जाईल, एवढंच. अमेरिकेत टेक्सासच्या संशोधक डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयाच्या २२१ जणांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास कुणी गोधडीसारखं क्विल्टिंग शिकलं, कुणी डिजिटल फोटोग्राफी, तर कुणी नुसतं जमून गप्पा-सहली केल्या. स्मरणशक्ती सुधारली ती नवं शिकणाऱ्यांची, त्यातही फोटोग्राफीवाल्यांची जास्त. म्हणून स्वेटरवालीला क्रोशा द्या, क्रोशावालीला गोधडी. ‘आता या वयात?’ होणारच. होऊ द्या.

आणि केलेली वस्तू कुठेतरी जायला हवी. काचेच्या कपाटात किती तोरणं ठेवणार? आमच्याकडून थंडीच्या आत बाळांची टोपडी सरकारी दवाखान्याच्या प्रसूती वॉर्डात जातात. तारीख ठरलेली असली की गुडघे धरून का होईना, बायका येतात. एखादी आली नाही तर फोन जातो, “अहो, तुमच्या टोपड्यांचं काय झालं?” तब्येत विचारली की सगळ्याच ‘बरी आहे’ म्हणतात, टोपड्यांचं विचारलं की सून रागावली इथपासून साखर वाढली इथपर्यंत सगळं बाहेर येतं. मला विचाराल तर मंडळाचा खरा उपयोग हाच.

सतरंजी नको, खुर्च्या ठेवा. मोतीबिंदू असलेल्यांना काळी लोकर देऊ नका, टाके दिसत नाहीत. क्रोशाच्या सुईला जाड मूठ बांधा, अर्ध्या तासाने बोटं मोकळी करायला लावा. गोधडीला घरातल्या जुन्या साड्या पुरतात. कमी पडलं तर इंदूरचा कापडबाजार, एम. टी. क्लॉथ मार्केट, आहेच.

काका मंडळींनाही बोलवा, पण ‘या, बसा’ म्हणून ती येत नाहीत. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकापासून ‘मेन्स शेड’ चालतात, म्हणजे पुरुषांनी जमून सुतारकाम, दुरुस्ती करायच्या जागा. आपल्याकडे आकाशकंदिलाच्या कामट्या आणि गणपतीचं मखर त्यांच्यावर सोपवा. महिनाभर आधी येऊन बसतात, वर बायकांच्या टाक्यांत चुकाही काढतात.