विमानतळावरच्या मेडिकलमधलं औषध खात्रीचं असतं का? तिथे नियम वेगळे असतात का?

नियम वेगळे अजिबात नसतात. औषधांचा १९४० चा कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम आमच्या कोल्हापूरच्या महाद्वार रोडला जसे, तसेच सिक्युरिटीच्या पलीकडे. लायसन विमानतळ चालवणारे देत नाहीत, त्या त्या राज्याचं औषध प्रशासन देतं. भाडं जास्त आहे म्हणून एमआरपीच्या वर रुपयाही घेता येत नाही. आणि चिठ्ठीवरचं औषध द्यायचं तर रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच. खरी गोम इथंच आहे.

आत्याला घेऊन निघालो होतो, मध्ये एका मोठ्या शहरात विमान बदलायचं होतं. तिचं इन्सुलिन घेण्याची जबाबदारी आमच्या दाजींची, ते घरच्या फ्रिजच्या दारातच राहिलं. तिथल्या मेडिकलमध्ये गेलो. दुकान सोनाराच्या पेढीसारखं लखलखीत. पोरानं मागच्या छोट्या फ्रिजमधून खोकं काढलं, ते बर्फाच्या कप्प्याला चिकटलेलं होतं. खोकं ओलं, कोपरा मऊ पडलेला. फ्रिजात थर्मामीटर नाही. इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं. एकदा गोठलं की वितळवून उपयोग नाही, आणि दिसायला ते कधी कधी अगदी नितळच राहतं. म्हणजे गिऱ्हाइकाला कळायचा मार्ग नाही.

फार्मासिस्ट कोण म्हणून विचारलं. "सर जेवायला गेलेत." दुपारचे साडेचार वाजलेले. सर्टिफिकेट मात्र भिंतीवर, फ्रेम करून.

दाजी तापले. "पावणं, हे एअरपोर्ट हाय. हितं खराब माल कोण ठेवंल? बिल कर रे."

आत्या म्हणाली, "सुई मला टोचायची हाय न्हवं? मग त्याला बघू दे की."

तिथं घेतलं नाही. तिची सकाळची सुई झालेली होती, रात्रीच्या डोसाला वेळ होता. उतरल्यावर गावातल्या साध्या मेडिकलमध्ये मिळालं. तिथल्या बाईंनी चिठ्ठी वाचली, इन्सुलिन टोचायचं पेन कुठल्या कंपनीचं आहे ते विचारलं आणि मगच त्यात बसणारं कार्ट्रिज दिलं.

दाजींचं आणि माझं हे जुनं आहे. मी डी. फार्म., म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, झालो तेव्हा त्यांनीच एक स्थळ आणलं होतं, म्हणजे दुकानाचं. मालकाला फक्त माझं सर्टिफिकेट भिंतीला लावायचं होतं, पैसे दर महिन्याला घरपोच. मी नाही म्हणालो. घरात आलेली लक्ष्मी परत धाडली, असं ते अजून प्रत्येक लग्नकार्यात पाहुण्यांना सांगतात. तर दाजी, ती लक्ष्मी घेतली असती तर 'जेवायला गेलेले सर' मीच झालो असतो. सर्टिफिकेट भाड्यानं देणाऱ्याचं रजिस्ट्रेशन कायमचं काढून घ्यावं, याच मताचा मी आहे.

आता तुमचं. काउंटरवर फार्मासिस्ट हजर आहे का ते विचारा. नसेल तर डोकेदुखीची गोळी, ओआरएस एवढंच घ्या. चिठ्ठी न बघता अँटिबायोटिक काढून देणारं दुकान विमानतळावर असो की शाहूपुरीत, तिथून निघा. शेड्यूल एच-१ या सरकारी कडक यादीतलं औषध असेल तर त्यांना तुमचं नाव रजिस्टरात लिहावंच लागतं, त्याचा राग धरू नका. बिलावर बॅच नंबर आणि एक्सपायरी आहे का बघा.

सगळी तशीच असतात असं नाही. पुढं दुसऱ्या एका विमानतळावर मी तापमानाची नोंद रोज लिहिणारं दुकानही पाहिलंय. आणि अडीअडचणीला दम्याचा पंप हवाच असेल तर माझं हे सगळं बाजूला ठेवा, आधी तो घ्या.

बाकी उजळाईवाडीच्या विमानतळाला निघण्याआधी औषधं इथंच घ्या, चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन चेक-इनच्या सामानात टाकू नका, तिथं ते गोठू शकतं. आणि ते घ्यायचं काम दाजींवर सोपवू नका.