‘पुनरुत्पादन’ की ‘प्रजनन’?

फोंड्याच्या एका ताई मार्क्सवादी स्त्रीवादावरच्या लेखाचं भाषांतर करताहेत. त्यांचा प्रश्न : ‘सामाजिक पुनरुत्पादन’ हा शब्द जड वाटतो, शाळेपासून ओळखीचा ‘प्रजनन’ इथे का चालू नये?

ताई, नका वापरू. ‘प्रजनन’ म्हणजे नुसतं मुलं जन्माला घालणं; तो शब्द घेतलात तर अख्खी चूलच अर्थाबाहेर राहील.

पुनर् अधिक उत्पादन, म्हणजे पुन्हा निर्माण करणं. कामगाराची दिवसभरात खर्च झालेली श्रमशक्ती, म्हणजे काम करण्याची ताकद, उद्या पुन्हा तयार हवी. डिचोलीकडच्या खाणकामगारांच्या घरी हे मी लहानपणी रोज पाहिलं. शिफ्टवरून आलेल्या माणसाचे लाल मातीने माखलेले कपडे घासायचे, त्याला वाढायचं, पहाटे उठून पेज शिजवायची, डबा भरायचा. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात (१८६७) श्रमशक्तीच्या मूल्यात अन्न, कपडे, घर, मुलांचं पोषण हे सगळं धरलं. पण कामगारवर्ग टिकवण्याचं काम भांडवलदार कामगाराच्याच जगण्याच्या आणि वंश चालवण्याच्या प्रेरणेवर खुशाल सोडू शकतो, असं म्हणून तो पुढे गेला. पेज कोण शिजवते, हे विचारायचं राहिलंच. १९७२ मध्ये मारियारोझा दाला कोस्ता आणि सेल्मा जेम्स या स्त्रीवादी लेखिकांनी तेच विचारलं. भांडवलाला लागणारी श्रमशक्ती घरातली बाई बिनपगारी घडवते, हे त्यांचं म्हणणं मला आजही बिनतोड वाटतं.

‘प्रजनना’ला जागा आहे, ती मार्क्सचा सहकारी एंगेल्स याच्यापाशी. कुटुंबसंस्थेच्या उगमावरच्या १८८४च्या पुस्तकात तो जीवनाच्या उत्पादन-पुनरुत्पादनाचे दोन भाग करतो : जगण्याची साधनं आणि खुद्द माणसं. दुसऱ्या भागाशी त्याने ‘फोर्टफ्लान्झुंग’, म्हणजे वंशवृद्धी, हा निराळा जर्मन शब्द योजला आहे. तेवढ्यापुरतं ‘प्रजनन’ लिहा.

आणखी एक शब्द जपून वापरा. आपल्याकडे गोवा सरकारच्या ‘गृह आधार’ योजनेत २०१२पासून गृहिणींना दरमहा पैसे मिळतात, त्यामुळे भाषांतरात ‘घरकामासाठी आधार’ असं सहज लिहिलं जाईल. पण सत्तरच्या दशकात दाला कोस्ता, जेम्स आणि त्यांच्यासोबतच्या इटली-इंग्लंडमधल्या बायकांची मागणी घरकामाच्या मजुरीची होती. केलेल्या कामाचे पैसे त्या मागत होत्या. तिथे ‘मजुरी’ किंवा ‘वेतन’च हवं.

‘सामाजिक पुनरुत्पादन’ पहिल्यांदा येईल तिथे ‘माणसाला रोज आणि पिढ्यानपिढ्या कामाला उभं करणारे श्रम’ एवढा खुलासा जोडा. पुढे वाचकाला अडणार नाही.